पेशीतला ‘ध’ चा ‘मा’

पेशाने मी पॅथॉलॉजिस्ट. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा पातळ काप काचपट्टीवर घ्यायचा, रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली पाहायचा आणि काय दिसले ते कागदावर लिहायचे, हे माझे काम. ‘कॅन्सर आहे’ हे शब्द रुग्णाच्या कानावर डॉक्टर घालतात, पण त्याआधी ते लिहिलेले असतात आमच्यापैकी कुणीतरी. रिपोर्ट न्यायला येणारे नातेवाईक मला सहसा औषधाबद्दल विचारत नाहीत. पाकीट हातात घेऊन थोडे घुटमळतात आणि दबक्या आवाजात तीन गोष्टी विचारतात. याची आम्हाला लागण होईल का? हे आमच्या घराण्यात आहे का? आणि तिसरे म्हणजे, हे आले कुठून?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देता येतात. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याच्या शेजारी झोपल्याने, त्याची सेवा केल्याने कॅन्सर होत नाही. आणि घराण्यातून उतरणाऱ्या सदोष जनुकामुळे होणारे कॅन्सर शंभरात साधारण पाच ते दहा. तिसरा प्रश्न मात्र खिडकीपाशी उभ्या उभ्या सोडवण्यासारखा नाही. त्याचे धड उत्तर मिळायला विज्ञानाला सत्तर वर्षे लागली. त्या शोधाची सुरुवात एका कोंबडीपासून झाली, म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करू.

साल १९०९. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राउस नावाचे तिशीचे शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांच्याकडे प्लायमाउथ रॉक जातीची एक कोंबडी आली. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. राउसनी गाठ काढली, तिचे तुकडे त्याच वाणाच्या इतर कोंबड्यांना टोचले आणि त्यांनाही गाठी आल्या. इथवर विशेष काही नव्हते, कारण जिवंत पेशी एका शरीरातून दुसऱ्या शरीरात गेल्या आणि तिथे रुजल्या असे म्हणता येत होते. मग राउसनी गाठ वाटली, पाण्यात कालवली आणि ते मिश्रण अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळले. या गाळणीतून पेशी तर सोडाच, जंतूही पलीकडे जाऊ शकत नाहीत. खाली उतरलेले पाणी निरोगी कोंबड्यांना टोचले. काही दिवसांनी त्यांच्याही अंगावर तशाच गाठी दिसू लागल्या. १९११ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

म्हणजे त्या पाण्यात पेशीहून आणि जंतूहूनही लहान असे काहीतरी होते. आज आपण त्याला विषाणू म्हणतो. डेन्मार्कच्या एलरमान आणि बांग यांनी १९०८ मध्येच कोंबड्यांच्या रक्ताच्या कॅन्सरबाबत असेच दाखवले होते, पण तेव्हा तो आजार कॅन्सरमध्ये धरतच नसत. राउस यांच्या गाठीला कॅन्सर नाही म्हणण्याची सोय नव्हती. मग लोक म्हणू लागले, की कोंबडीचे कोंबडीपाशी, माणसाचा त्याच्याशी काय संबंध? राउसनी उंदरांवर तसेच प्रयोग करून पाहिले. यश आले नाही. १९१५ च्या सुमारास त्यांनी तो नाद सोडला आणि रक्त टिकवून कसे ठेवायचे याकडे ते वळले. त्यातून रक्तपेढीची कल्पना पुढे आली. कोंबडीच्या गाठीबद्दलचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले १९६६ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. तोवर त्यांचे जावई ॲलन हॉजकिन यांना नोबेल मिळून तीन वर्षे झाली होती! सासऱ्याआधी जावई, असे नोबेलच्या यादीत फार वेळा घडले नसावे.

राउस प्रयोग करत होते त्याच सुमारास आणखी दोन वाटांनी माणसे याच प्रश्नाकडे येत होती. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच लिहून ठेवले होते, की धुराड्यात उतरून काजळी साफ करणाऱ्या पोरांना पुढे वृषणाच्या त्वचेचा कॅन्सर होतो. १९१५ मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून तिथे कॅन्सर उत्पन्न करून दाखवला. म्हणजे कॅन्सर रसायनाने होत होता. तिकडे जर्मनीत थिओडोर बोव्हेरी समुद्रातल्या सी-अर्चिन नावाच्या काटेरी प्राण्याच्या अंड्यांचा अभ्यास करत होते. एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले, की गुणसूत्रांची वाटणी बिघडते आणि पेशी भलत्याच वागू लागतात हे त्यांनी पाहिले. त्यांनी १९१४ मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्यात म्हटले, की कॅन्सरचे मूळ पेशीच्या गुणसूत्रांतच असावे. पेशीची वाढ करवणारे काही आणि ती रोखणारे काही, असे दोन्ही त्यांत असावे आणि त्यांचा तोल ढळत असावा. हाताशी पुरावा जवळजवळ नव्हता. बोव्हेरी पुढच्याच वर्षी वारले.

म्हणजे एक म्हणतो विषाणू, दुसरा म्हणतो डांबर, तिसरा म्हणतो गुणसूत्र. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य होते आणि तिघांना जोडणारा धागा कुणालाच सापडत नव्हता.

आपल्याकडे मुंबईतही या वाटेवर माणसे होती. परळला १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले. त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर, जन्माने गोव्यातल्या केप्याचे. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे, पुण्याच्या. अमेरिकेत शिकून त्या परत आल्या, परळला पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली आणि मादी उंदरांना होणाऱ्या स्तनांच्या कॅन्सरवर अनेक वर्षे काम केले. या कॅन्सरचा काही अंश आईच्या दुधातून पिलांना मिळतो हे जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये अमेरिकेत दाखवले होते; तोही पुढे विषाणूच निघाला. हार्मोन, वंश आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध, हे कमलताई शोधत होत्या. उंदराच्या या विषाणूकडे आपण थोड्या वेळाने परत येणार आहोत.

साठच्या दशकात विषाणूंचे पारडे जड झाले. अमेरिकेने कॅन्सरचे विषाणू शोधण्यासाठी भरपूर पैसा ओतला. १९६९ मध्ये ह्यूबनर आणि टोडारो यांनी एक तर्क मांडला आणि त्यासाठी एक शब्द घडवला : ऑन्कोजीन, म्हणजे कॅन्सर घडवणारे जनुक. त्यांचे म्हणणे असे, की कधीकाळी विषाणूंनी आपल्या पूर्वजांच्या पेशींत ही जनुके सोडली, ती पिढ्यान्‌पिढ्या निपचित पडून आहेत आणि कशाने तरी डिवचली की जागी होतात. शब्द टिकला. कल्पना मात्र जवळजवळ उलटी करून घ्यावी लागली.

विषाणूच्या या गवगव्याचा एक वाईट परिणाम असा, की कॅन्सर ‘लागतो’ ही समजूत लोकांत अधिकच मुरली. माझ्या लहानपणी शेजारच्या वाड्यात एका काकूंना घशाचा कॅन्सर झाला होता. त्यांची ताटवाटी वेगळी, तांब्या वेगळा, भांडी घासायची जागाही वेगळी. कुणी दुष्ट नव्हते त्या घरात, सगळे घाबरलेले होते. गर्भाशयाच्या मुखाचा किंवा यकृताचा कॅन्सर अशा काही कॅन्सरांमागे विषाणू असतात हे खरे आहे आणि त्यांच्या लशीही आहेत. पण तिथेही संसर्ग होतो तो विषाणूचा, कॅन्सरचा नव्हे. आणि ताटवाटीतून तर नव्हेच.

राउसच्या विषाणूकडे परत येऊ. त्याचा वारसा आरएनएचा, आपल्यासारखा डीएनएचा नव्हे. मग तो पेशीच्या डीएनएत कायमचा बदल कसा घडवतो? हॉवर्ड टेमिन हे अमेरिकन शास्त्रज्ञ अनेक वर्षे एकटे सांगत होते, की हा विषाणू स्वतःची डीएनए प्रत करून ती पेशीच्या जनुकांत घुसवत असणार. लोक हसत, कारण माहिती डीएनएकडून आरएनएकडे जाते, उलट नाही, हे तेव्हाचे वेदवाक्य होते. १९७० मध्ये टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळे काम करून असे उलटे लेखन करणारे विकरच दाखवले. १९७५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. त्या समारंभातल्या भाषणात टेमिन यांनी उपस्थितांना धूम्रपानाबद्दल सुनावले. कॅन्सर टाळण्याचा एवढा मोठा उपाय हाताशी असताना माणसे सिगारेट सोडत नाहीत, याचा त्यांना राग होता. स्वतः त्यांनी कधी सिगारेट ओढली नाही. १९९४ मध्ये ते गेले, फुप्फुसाच्या कॅन्सरने. ‘त्यांना काहीच व्यसन नव्हते हो’ असे एखादा मुलगा किंवा पत्नी मला सांगते, तेव्हा मला टेमिन आठवतात.

त्याच १९७० साली स्टीव्ह मार्टिन या तरुण संशोधकाला राउस विषाणूचा एक गमतीदार नमुना मिळाला. त्याने बाधलेल्या पेशी कमी तापमानात कॅन्सरसारख्या वाढत आणि तापमान वाढवले की पुन्हा साध्या होत. विषाणू मात्र दोन्ही तापमानांत मजेत पुनरुत्पादन करत असे. याचा अर्थ असा, की कॅन्सर घडवणारे त्याच्यातले जनुक वेगळे आहे आणि विषाणूच्या स्वतःच्या जगण्याला त्याची गरज नाही. त्याला नाव पडले सार्क. उच्चार आपल्या शेजारी देशांच्या संघटनेसारखाच, पण हे नाव सार्कोमा या शब्दाचे लघुरूप आहे.

गरज नसलेली वस्तू विषाणू का बाळगेल? विषाणूंइतके सुटसुटीत बिऱ्हाड दुसऱ्या कुणाचे नसते. त्यांच्याकडे चिंधीसुद्धा जास्तीची नसते. मग हे आले कुठून?

सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांनी या प्रश्नाला हात घातला. व्हार्मस वैद्यकाकडे येण्याआधी इंग्रजी साहित्यात एमए झालेले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे म्हणून सांगितले. त्यांच्या प्रयोगशाळेत फ्रान्सहून आलेल्या डोमिनिक स्टेहेलँ यांनी अतिशय चिकाटीचे काम केले. पीटर व्होग्ट यांनी सार्क जनुक गमावलेले विषाणू जमवले होते. पूर्ण विषाणूच्या माहितीतून या अपुऱ्या विषाणूची माहिती वजा केली, की उरते ते फक्त सार्क. त्याचा किरणोत्सारी धागा त्यांनी तयार केला. जनुकाचा धागा जिथे आपला जोडीदार सापडतो तिथे जाऊन चिकटतो. हा धागा त्यांनी निरोगी कोंबडीच्या डीएनएवर सोडला. ज्या कोंबडीला विषाणूचा वारा लागलेला नाही, तिच्यात तो चिकटायला नको होता. पण तो चिकटला.

मग लाव्याचा डीएनए घेतला, टर्कीचा घेतला, बदकाचा घेतला, शेवटी शहामृगासारख्या दिसणाऱ्या एमूचाही घेतला. सगळ्यांत धागा चिकटला. आणि पक्षी कोंबडीपासून नात्याने जितका दूर, तितका तो सैल चिकटला. ही खूण महत्त्वाची होती. बाहेरून अलीकडे शिरलेले जनुक असे नात्याप्रमाणे बदलत गेलेले नसते. हे पक्ष्यांचे स्वतःचे, कोट्यवधी वर्षांपासून चालत आलेले जनुक होते. लवकरच ते मासे, उंदीर आणि माणसातही दिसले. मार्च १९७६ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. चोराच्या घरी झडती घ्यावी आणि सापडलेल्या डब्यावर आपल्याच आजीचे नाव कोरलेले निघावे, तसे झाले. विषाणूने कधीतरी कोंबडीच्या पेशीतून हे जनुक उचलले होते. कॅन्सरचे जनुक विषाणूने आपल्याला दिलेले नव्हते. त्यानेच ते आपल्याकडून नेले होते.

बिशप आणि व्हार्मस यांना १९८९ मध्ये नोबेल मिळाले. प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या स्टेहेलँ यांना मिळाले नाही आणि त्यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या निबंधावर पहिले नाव त्यांचे आहे, एवढे तरी नोंदवून ठेवायला हवे.

आता कॅन्सर घडवणारे जनुक निरोगी पेशीत काय करत बसलेले असते? तर काम करत असते. सार्क एक प्रथिन बनवते आणि ते इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा छोटा शिक्का मारते, हे १९७८ च्या सुमारास कळले. या शिक्क्याने ‘वाढ, विभाजन पाव’ असे निरोप पेशीत पोचतात. शिक्का नेमका कुठे मारला जातो हे टोनी हंटर यांना १९७९ मध्ये कळले, आणि तेही त्या दिवशी वापरलेले द्रावण जुने झाल्यामुळे. ताजे द्रावण असते तर टायरोसिनवरचा शिक्का दुसऱ्या शिक्क्यात मिसळून गेला असता आणि दिसलाच नसता. प्रयोगशाळेत शिळे काही ठेवू नये असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, तेव्हा ही गोष्ट त्यांना सांगत नाही! आपल्या सार्कला एक शेपटी असते. ती वळून त्याच प्रथिनाला जखडून ठेवते आणि निरोप आला तेवढ्यापुरतीच सुटते. विषाणूने नेलेल्या सार्कला ही शेपटी उरलेली नाही. त्यामुळे ते थांबत नाही, शिक्के मारतच सुटते. जखम भरून यायला, बाळ पोटात वाढायला, आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे व्हायला हीच वाढीची जनुके लागतात. ती नसती तर आपण जन्मलोच नसतो.

पण माणसांच्या बहुतेक कॅन्सरांत तर विषाणू नसतो. मग तिथे ही जनुके कशी बिघडतात? याचे उत्तर अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांत जवळजवळ एकाच वेळी मिळाले. रॉबर्ट वाइनबर्ग, मारियानो बार्बासिड आणि मायकेल विगलर यांच्या त्या प्रयोगशाळा. माणसाच्या मूत्राशयाच्या कॅन्सरमधला डीएनए त्यांनी उंदराच्या साध्या पेशींत सोडला, तेव्हा त्या पेशी कॅन्सरसारख्या वाढू लागल्या. डीएनएचा तो दोषी तुकडा त्यांनी शोधून काढला. ते रास नावाचे जनुक होते. मग त्याची निरोगी प्रत आणि कॅन्सरमधली प्रत शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहिले. १९८२ मध्ये निकाल हाती आला. हजारो अक्षरांच्या त्या तुकड्यात फरक पडला होता एकाच अक्षराने. जीजीसीच्या जागी जीटीसी. बार्बासिड यांच्या निबंधावर पहिले नाव आहे प्रेमकुमार रेड्डी यांचे, हैदराबादेत शिकलेले शास्त्रज्ञ.

नारायणराव पेशव्यांच्या वेळची गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, असे सांगतात. इतिहासकार त्या चिठ्ठीबद्दल काय म्हणायचे ते म्हणोत. रासमध्ये झालेला ‘ध’ चा ‘मा’ मात्र वाचून पाहिलेला आहे. रास म्हणजे पेशीतले एक बटन. निरोप आला की ते चालू होते आणि काम झाले की आपले आपण बंद होते. एका अक्षराच्या बदलाने प्रथिनाच्या बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन आले आणि बटन बंद होईना.

इथे डांबराची आणि काजळीची वाट विषाणूच्या वाटेला येऊन मिळाली. डांबरातला आणि तंबाखूच्या धुरातला बेन्झोपायरिन हा पदार्थ डीएनएच्या जी या अक्षरावर चिकटून बसतो, आणि प्रत काढताना जीच्या जागी टी पडण्याचा संभव वाढतो. पॉट यांच्या धुराडे साफ करणाऱ्या पोरांच्या अंगावरची काजळी त्यांच्या पेशींतली अक्षरे बदलत होती.

आपल्याकडे याचा फार जवळचा पुरावा निघाला. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील धनंजया सरनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडाच्या कॅन्सरचे नमुने तपासले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात सुमारे एक तृतीयांश नमुन्यांत एच-रास जनुक अशाच अक्षरबदलाने बिघडलेले आढळले. पाश्चात्त्य देशांतल्या तोंडाच्या कॅन्सरांत हा बदल क्वचितच सापडत होता. तिथे सिगारेट आणि दारू, इथे गालात धरलेली गोळी. कारण वेगळे, तर बिघाडही वेगळा. गालाचा कोणता भाग कापला आहे हे मी काचेवर पाहतो, तेव्हा गोळी कोणत्या बाजूला धरत होते हे अनेकदा न विचारता कळते.

अक्षर बदलणे ही जनुक बिघडण्याची एकच तऱ्हा झाली. दुसऱ्या तऱ्हेत अक्षर एकही चुकलेले नसते, जनुकाची जागाच चुकते. १९६० मध्ये फिलाडेल्फियाच्या नोवेल आणि हंगरफर्ड यांना रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी गुणसूत्रांचे फोटो कापून घरी जेवणाच्या टेबलावर मांडून पाहिले आणि त्यांना कळले, की बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही. तो नवव्यावर जाऊन बसला आहे आणि नवव्याचा तुकडा बाविसाव्यावर. पुढे दहा वर्षांनी दिसले, की या अदलाबदलीत एबीएल नावाचे जनुक दुसऱ्या एका जनुकाला जोडले जाते आणि त्या जोडगोळीचे प्रथिन अखंड शिक्के मारत राहते. आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्यात होणारा बर्किट लिम्फोमाही असाच. तिथे मिक नावाचे वाढीचे जनुक उठून प्रतिपिंडे बनवणाऱ्या जनुकाच्या शेजारी जाऊन बसते. त्या पेशीत प्रतिपिंडांचा कारखाना रात्रंदिवस चालू, त्यामुळे शेजारच्या मिकचाही दिवा विझत नाही. बोव्हेरी यांनी सी-अर्चिनच्या अंड्यात पाहिले होते ते हेच, साठ-सत्तर वर्षे आधी.

उंदराचा तो दुधातून येणारा विषाणू आठवतो ना? त्याच्याजवळ चोरलेले जनुक नसतेच. १९८२ मध्ये रोएल नुसे आणि व्हार्मस यांनी दाखवले, की तो पेशीच्या डीएनएत वाढीच्या एका जनुकाशेजारी जाऊन बसतो आणि आपल्या बटनाने शेजाऱ्याचा दिवा लावतो. कमलताई रणदिव्यांनी ज्या कोड्यावर उमेदीची वर्षे घातली, त्याची एक मोठी गाठ अशी सुटली.

आणखी एक तऱ्हा आहे, तिचा धागाही मुंबईला जोडलेला आहे. १९८२ मध्येच वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत मुंबईहून गेलेले लक्ष्मीचरण पाढी काम करत होते. उंदरांच्या मज्जापेशींच्या कॅन्सरमधून त्यांनी एक नवे कॅन्सरकारी प्रथिन ओळखले. ते पेशीच्या पृष्ठभागावर येत होते, म्हणजे बाहेरून औषधाच्या हाती लागण्यासारखे होते. ही गोष्ट त्यांच्या निबंधात असूनही त्या वेळी तिचा पाठपुरावा कुणी केला नाही. माणसातले तेच जनुक पुढे हर-टू या नावाने ओळखले गेले. १९८७ मध्ये डेनिस स्लेमन यांनी दाखवले, की स्तनाच्या कॅन्सरच्या बऱ्याच रुग्णांत त्या जनुकाच्या दोनाऐवजी कितीतरी प्रती झालेल्या असतात आणि त्यांचा आजार अधिक झपाट्याने वाढतो. प्रत्येक प्रत निर्दोष, पण निरोप सांगणाऱ्यांची गर्दी झालेली. आजच्या मोजणीप्रमाणे अशा रुग्णा शंभरात पंधरा ते वीस असतात. १९९८ मध्ये अमेरिकेत त्या प्रथिनाला धरून ठेवणारे प्रतिपिंड औषध म्हणून मंजूर झाले. तेव्हापासून माझ्या रिपोर्टातही एक ओळ वाढली. हर-टूचा रंग पेशीभोवती तपकिरी जाळीसारखा पूर्ण उमटला का, ते पाहून मी आकडा लिहितो आणि त्या आकड्यावर त्या बाईला कोणते औषध द्यायचे हे ठरते. पूर्वी मी फक्त वाईट बातमी लिहीत असे.

एक जनुक बिघडले की लगेच कॅन्सर होतो असे मात्र नाही. १९८३ मध्ये वाइनबर्ग यांच्याकडेच दिसले, की साध्या, ताज्या पेशीला बिघडलेले रास पुरत नाही. मिकचीही साथ लागते. शिवाय बोव्हेरी म्हणाले होते तशी वाढ रोखणारी जनुकेही असतात, ती निकामी व्हावी लागतात. पी-५३ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. १९७९ मध्ये ते सापडले तेव्हा त्यालाही ऑन्कोजीन समजले गेले होते. ते रखवालदार आहे हे कळायला दहा वर्षे गेली. एकाच पेशीत असे अनेक अपघात साठायला काळ लागतो, म्हणून कॅन्सर बहुधा उतारवयात दिसतो. त्यांतले काही अपघात तंबाखूमुळे होतात, काही उन्हाने, काही विषाणूंमुळे, आणि काही निव्वळ रोजच्या नकला काढताना होतात, कुणाचाही दोष नसताना. ‘तिने कुणाचे काय वाईट केले होते?’ असे विचारणाऱ्याला मी आता हे शेवटचे वाक्य आधी सांगतो.

राउली यांच्या जेवणाच्या टेबलावर दिसलेल्या त्या अदलाबदलीवर ब्रायन ड्रुकर आणि निकोलस लिडन यांच्या प्रयत्नांतून इमॅटिनिब ही गोळी तयार झाली. पुरेशी मात्रा घेतलेल्या पहिल्या चौपन्न रुग्णांपैकी त्रेपन्न जणांचे रक्त पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. भारतात मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता आणि आपल्याकडच्या कंपन्यांच्या गोळ्यांचा आठ-दहा हजार. पेटंटचा दावा अनेक वर्षे चालला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कोंबडीच्या गाठीपासून निघालेली गोष्ट किराणा आणि औषधाचा हिशेब एकाच वहीत लिहिणाऱ्या घरांपर्यंत अशी आली.

रास मात्र कुणाला दाद देईना. स्वादुपिंडाच्या दहापैकी नऊ कॅन्सरांत त्याचा के-रास हा भाऊबंद बिघडलेला असतो. पण त्या प्रथिनाचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत, की औषधाच्या रेणूला धरायला खाचच सापडत नव्हती. याला औषध नाही, असे पाठ्यपुस्तकांत छापलेले असे. २०१३ मध्ये केव्हन शोकाट यांच्या प्रयोगशाळेला एक खाच सापडली आणि मे २०२१ मध्ये सोटोरासिब या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी. ते बाराव्या जागी सिस्टीन आलेले असेल तरच बसते. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या पेशींत वाचलेल्या त्या पहिल्या व्हॅलिनला ते पकडू शकत नाही.